डबा आधी कोणाचा उघडायचा?

नवराबायकोने एकमेकांपासून पैसा लपवणे ही प्रतारणाच, असे हल्ली आर्थिक सल्लागार मंडळी सांगत सुटली आहेत. त्यांतल्या एका लोकप्रिय वक्त्याने भर व्याख्यानात बायकांच्या डाळीच्या डब्यातल्या नोटांची खिल्ली उडवली आणि सभागृह खदखदून हसले. शेअर बाजारात बुडवलेले पैसे आपण घरी कधी सांगतो, हे मात्र त्यांनी सांगितले नाही, आणि कोणी विचारलेही नाही.

हे डबे एकदा सक्तीने उघडून झाले आहेत. ८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री पाचशे-हजाराच्या नोटा बाद झाल्या आणि कित्येक बायकांना साठवलेली पुंजी नवऱ्यापुढे ठेवावी लागली. गृहिणींच्या अडीच लाखांपर्यंतच्या भरण्याची चौकशी होणार नाही, असे सरकार म्हणाले होते. तरी ग्वाल्हेरच्या एका गृहिणीला २,११,५०० रुपयांसाठी आग्र्याच्या प्राप्तिकर अपिलीय न्यायाधिकरणापर्यंत जावे लागले. २०२१ मध्ये ती जिंकली, पण पारदर्शकतेची किंमत कोणी मोजली?

वक्त्यांनी व्हिव्हियाना झेलायझर वाचायला हवी. ‘द सोशल मीनिंग ऑफ मनी’ (१९९४) या पुस्तकात तिने जुन्या अमेरिकी संसारांतला पैसा तपासला आहे. नवरा कमावता, सुस्थितीतला. बायको मात्र लाडीगोडी लावून मागणार, उधारीत फिरवाफिरवी करणार, नाहीतर रात्री त्याचे खिसे चाचपणार. रुपया सगळीकडे सारखाच, हे अर्थशास्त्राचे गृहीतक तिने घरातच मोडून काढले: पैसा कोणी दिला, काय म्हणून दिला, यावर त्याची जात ठरते. घरखर्चातून वाचवलेले कोणाचे? इंग्लंडच्या न्यायालयाने १९४३ मध्ये ‘नवऱ्याचे’ असा निकाल दिला. निम्मे बायकोचे व्हायला १९६४ चा कायदा यावा लागला. अशा व्यवस्थेत बाई लपवते, त्याला प्रतारणा म्हणायला मी तयार नाही. तिची भिशी हीच तिची भविष्य निर्वाह निधी योजना.

पण हा बचाव फार ताणता येत नाही. गुपित दुबळ्याचे हत्यार असेल, तर सबळांकडे ते इतके का आढळते? कर्जाला जामीन राहिल्याचे बायकोला वसुलीवाल्यांकडून कळते. नवऱ्याच्या ठेवी तो गेल्यावर कपाटातल्या पावत्यांवरून शोधाव्या लागतात. फेब्रुवारी २०२३ पर्यंत सरकारी बँकांनी पस्तीस हजार कोटींहून अधिक बेवारस ठेवी रिझर्व्ह बँकेकडे वर्ग केल्या होत्या. सगळ्याच मृतांच्या नसतील. तरी घरात कोणाला ठाऊक असत्या तर त्यांतल्या बऱ्याच तिथे गेल्या नसत्या.

बहिणींचे तेच. महाराष्ट्राने मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत जन्मसिद्ध वाटा दिला १९९४ मध्ये, केंद्राच्या अकरा वर्षे आधी. आणि तेरावा उरकला की हक्कसोडपत्र पुढे येतेच. जमीन किती, भाव काय, हे विचारणारी बहीण लोभी. न सांगणारा भाऊ व्यवहारी. ‘माहेर तुटेल’ या धाकाने सही होते. इथल्या अबोल्याचा फायदा बहिणीला होत नाही.

म्हणून बोलावे, हे मलाही मान्य. सुरुवात कोणी करायची, एवढाच वाद आहे. ‘रजनेश विरुद्ध नेहा’ हा खटला नागपूरच्या कुटुंब न्यायालयातून सर्वोच्च न्यायालयात गेला. नोव्हेंबर २०२० च्या त्या निकालाने पोटगीच्या दाव्यात दोघांनाही मालमत्ता आणि देण्यांचे शपथपत्र सक्तीचे केले. म्हणजे संसार मोडताना द्यायच्या माहितीचा नमुना तयारच आहे. वक्त्यांनी पुढच्या व्याख्यानात तो छापून वाटावा, आणि व्यासपीठावर बसून पहिला स्वतः भरावा.