थांबणं हेही काम

स्वस्थ बसा. हातातलं काम बाजूला ठेवा. दोन-चार श्वास आपल्या गतीनं येऊ-जाऊ द्या. आज आपलं मनन एका अंडपेशीवर आहे. ती जेमतेम मिलिमीटरभर आहे, आणि ती वाट पाहते आहे.

मनानं भिवंडी तालुक्यातल्या दिघाशीला या. मृग लागायला थोडे दिवस आहेत. भाताची खाचरं भेगाळलेली, राब भाजून झालेला. बांधाच्या एखाद्या दगडाखाली, मातीच्या उरल्यासुरल्या ओलीत एक मादी दबून बसली आहे. अंगभर खरबरीत पुटकुळ्या, डोक्यावर काळसर कंगोरे. गावात तिला बेडूकच म्हणतील, पुस्तकात ती भेक आहे. ती हलत नाही. तिच्याकडे घाई न करता बघा.

आता तिच्या अंडाशयात या. इथे अंडपेशींची दाटी आहे. त्यांतली एक निवडा आणि तिच्यापाशी थांबा. हिनं अर्धसूत्री विभाजन केव्हाच सुरू केलं होतं. गुणसूत्रांच्या प्रती काढून झाल्या, जोड्या जुळल्या, आपसात देवघेवही झाली. मग पहिल्याच टप्प्यावर ती थांबली. तेव्हापासून ती भरते आहे. अंडाशयातून इस्ट्रोजेन निघतं, त्याच्या सांगण्यावरून यकृत बलकाचं प्रथिन बनवतं, रक्त ते इथवर आणून पोचवतं आणि पेशी ते थोडं थोडं आत ओढून घेते. उद्याच्या पिल्लाची शिदोरी आजच बांधली जाते आहे.

इथे जरा थांबा. बाहेरून पाहणाऱ्याला ही पेशी निजलेली वाटेल.

पण तिचं थांबणं आपोआप टिकत नाही. तिच्या आत सायक्लिक एएमपी नावाचा एक छोटा रेणू सतत तयार होत राहतो. त्याची पातळी वर असेपर्यंत पुढची सगळी यंत्रणा आवरलेली राहते. म्हणजे 'अजून नाही' हेसुद्धा तिला क्षणोक्षणी नव्यानं म्हणावं लागतं. हे वाक्य मनात एकदा सावकाश फिरू द्या.

आता पाऊस येतो. खाचरात पाणी साचतं, नर ओरडू लागतात. मादीच्या मेंदूखालची पीयूषिका ग्रंथी रक्तात संप्रेरक सोडते. ते अंडपेशीला थेट काही सांगत नाही. ते सांगतं तिला वेढून बसलेल्या पेशींना, आणि त्या प्रोजेस्टेरॉन स्रवतात. १९७१च्या सुमारास बेडकांवर झालेल्या प्रयोगांत एक नवल दिसलं. प्रोजेस्टेरॉन सुईनं थेट पेशीच्या आत सोडलं तर ती ढिम्म राहिली, बाहेरून लावलं तर पिकली. निरोप दाराशीच घेतला जात होता. शिवाय पुरती न वाढलेली पेशी तो निरोप ऐकूनही जागची हलत नाही. तोच पाऊस, तेच संप्रेरक, तेच अंडाशय, आणि उत्तर देते फक्त भरलेली पेशी.

आपल्या पेशीकडे परत या. सायक्लिक एएमपी ओसरतं. पूर्वीच साठवून ठेवलेल्या संदेशांवरून नवी प्रथिनं बनू लागतात. काही तासांत केंद्रकाचं आवरण विरघळतं.

हे घडवतं कोण? मूळचे क्योतोचे योशिओ मासुई आणि क्लेमेंट मार्कर्ट यांनी १९७१मध्ये याचा माग काढला. पिकलेल्या अंडपेशीतला थेंबभर रस त्यांनी न पिकलेल्या पेशीत घातला. प्रोजेस्टेरॉनशिवायच ती पिकली. तिचा रस तिसरीत घातला, तीही पिकली. गुण पातळ होत गेला नाही. विरजणासारखंच हे: चमचाभर दह्यानं दूध लागतं, त्यातल्या चमच्यानं उद्याचं, आणि लागलेलं दही पुन्हा दूध होत नाही. १९८८मध्ये तो घटक शुद्ध रूपात हाती आला. आज आपण जाणतो की सायक्लिन बी आणि सीडीके १ या प्रथिनांची ती जोडी आहे. आपल्या त्वचेतली पेशी दुभागते, तेव्हाही हीच जोडी कामाला असते.

अमेरिकेत जेम्स फेरेल यांनी १९९८मध्ये अंडपेशी एकेक करून तपासल्या. अर्धवट पिकायला लागलेली पेशी जवळपास सापडलीच नाही. प्रत्येक पेशी एकतर पूर्ण अलीकडे, नाहीतर पूर्ण पलीकडे. लांबून जो हळूहळू झालेला बदल वाटतो, तो एकेकीच्या बाबतीत एका झटक्यात घडलेला असतो.

ओलांडून झाल्यावर ती निम्मी गुणसूत्रं एका इवल्या गोळीत बाहेर टाकते, दुसऱ्या विभाजनाला लागते आणि मध्येच पुन्हा थांबते. आता ती चिकट गराच्या लांब दोरीत, इतर अंड्यांच्या रांगेत, उथळ पाण्यात आहे. शुक्रपेशी आली तर कॅल्शियमची लाट एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे जाते आणि विभाजन पुरं होतं. आली नाही तर अंडं लवकरच नासतं.

आता हे दोन थांबे मनात शेजारी ठेवा. पहिला लांबलचक, त्या काळात पेशी भरते आणि वाट पाहू शकते. माणसातही तो असाच आहे: मुलीच्या अंडपेशी तिच्या जन्माआधीच त्या टप्प्यावर थांबतात, काही तर चाळीस वर्षं. दुसरा थांबा तोकडा. पिकलेल्या अंड्यापाशी वेळ फार नसतो.

एक श्वास घ्या आणि स्वतःच्या आयुष्यातलं एखादं 'अजून नाही' समोर आणा. लिहायचं राहिलेलं पत्र असेल, बदलायचं काम असेल, बोलायची एखादी गोष्ट असेल. त्याला एवढंच विचारा: तू भरतं आहेस का? भरत असेल, तर लोकांना ते निजल्यासारखं दिसलं तरी त्याला हलवू नका. पण निरोप येऊन तुम्ही पलीकडे गेलाच असाल, तर पहिल्या थांब्याची सवय तिथे नेऊ नका. ते पत्र आज टाका.