झाडू हाती घेणारी आशा



रविवारच्या मिस्साबलिदानानंतर चर्चच्या आवारात पाहिले, तर आपल्या तरुणांच्या अंगावर मँचेस्टर युनायटेड किंवा मँचेस्टर सिटी या क्लबांचे शर्ट हमखास दिसतात. शनिवारी रात्री सामना पाहण्यासाठी जागलेले डोळेही दिसतात! त्यात आम्हांला काही वावगे वाटत नाही. खेळ ही देवाचीच देणगी आहे. परंतु आज आम्ही त्या मँचेस्टरच्या उत्तरेला जेमतेम बारा-तेरा किलोमीटरवर असलेल्या एका लहान क्लबविषयी बोलणार आहोत. त्याचा शर्ट आपल्याकडे कोणी घालत नाही. गावाचे नाव बेरी, आणि क्लबचे नावही बेरी.

प्रवचनात फुटबॉल कशाला, असे कोणी विचारील. दिवंगत पोप फ्रान्सिस यांची आठवण करावी. ब्युनोस आयर्समधील सान लोरेन्झो या क्लबचे ते बालपणापासूनचे पाठीराखे. हा क्लब १९०८ साली फादर लोरेन्झो मासा या सालेशियन धर्मगुरूंच्या आश्रयाने उभा राहिला. १९८१ साली तो घसरून दुसऱ्या श्रेणीत गेला, तरी पुढच्या वर्षी त्या खालच्या श्रेणीतील सामन्यांनाही पाठीराख्यांनी प्रचंड गर्दी केली. पोप फ्रान्सिस यांनी १९९० साली कार्मेल मातेला टीव्ही न पाहण्याचे वचन दिले होते आणि ते पाळले. पोप झाल्यावर एक स्विस गार्ड त्यांना क्लबच्या सामन्यांचे निकाल कळवत असे. सामना दिसत नाही, पण संघ आपला आहे! जे डोळ्यांना दिसते त्याची आशा कोण कशाला धरील, असे संत पौल रोमकरांस लिहितो (८:२४). त्याचे हे एक छोटेसे, हसरे उदाहरण म्हणावे.

आता खालच्या श्रेणीतील क्लबचा पाठीराखा कशाची आशा धरतो ते पाहू. इंग्लंडमध्ये सर्वांत वर प्रीमियर लीगचे २० क्लब आहेत. त्यांच्या खाली तीन श्रेणींमध्ये मिळून ७२ क्लब आहेत, आणि त्यांच्याही खाली पायरी-पायरीने शेकडो लहान क्लब खेळतात. हंगाम संपला की वरचे काही क्लब बढती मिळवून एक पायरी चढतात, तळाचे काही एक पायरी घसरतात. वरच्या मोठ्या क्लबचा पाठीराखा दरवर्षी चषकाची अपेक्षा करतो आणि दोन सामने हरले की प्रशिक्षकाला काढून टाका म्हणून ओरडतो. खालच्या श्रेणीतल्या पाठीराख्याची मागणी मात्र माफक असते. यंदा घसरण होऊ नये. चषकाच्या स्पर्धेत एखाद्या मोठ्या संघाशी गाठ पडावी. आणि कधीतरी एकदा, आपण असेपर्यंत, एक पायरी वर चढावे. आपल्या हयातीत मोठे काही हाती लागण्याचा संभव थोडाच, हे त्याला पक्के ठाऊक असते. तरीही तो पावसात उभा राहतो, कारण त्याचा बाप तिथेच उभा राहत असे.

बेरीचा क्लब १८८५ साली स्थापन झाला. वेस्लियन आणि युनिटेरियन या तिथल्या दोन ख्रिस्ती मंडळ्यांच्या संघांनी मिळून तो उभा केला. १९०० आणि १९०३ अशी दोन वेळा त्याने इंग्लंडचा प्रतिष्ठेचा एफ. ए. चषक जिंकला. १९०३ च्या अंतिम सामन्यात त्याने डर्बी काउंटीवर ६-० असा विजय मिळवला. अंतिम सामन्यातील एवढ्या मोठ्या विजयाची बरोबरी व्हायला ११६ वर्षे लागली. मे २०१९ मध्ये ती बरोबरी केली शेजारच्या मँचेस्टर सिटीने. आणि त्याच २०१९ च्या ऑगस्टमध्ये बेरीचा क्लब लीगमधून काढून टाकला गेला!

घडले ते असे. त्या वर्षीच्या एप्रिलअखेर बेरीने तिसऱ्या श्रेणीत बढती मिळवली होती. गावात आनंदीआनंद झाला. परंतु त्याच काळात खेळाडूंचे पगार थकले होते, आणि क्लबवर कर्जाचा डोंगर होता. काही महिन्यांपूर्वीच क्लबची मालकी एका पौंडाला बदलली होती. आपल्याजवळ पुरेसा पैसा आहे, हे नवा मालक लीगला पटवून देऊ शकला नाही. नव्या हंगामातले सामने एकामागून एक पुढे ढकलले गेले. एका माजी संचालक बाईंनी मैदानावरच्या पाण्याच्या पाइपला स्वतःला बेडीने जखडून घेतले. शेवटी २७ ऑगस्ट ही मुदत ठरली. एक कंपनी क्लब विकत घेणार अशी वार्ता होती, आणि शनिवारच्या सामन्यासाठी मैदान तयार करायला स्वयंसेवक हवे होते.

त्या मंगळवारी शेकडो लोक गिग लेन या आपल्या मैदानावर आले. त्यांनी झाडू हाती घेतले, खुर्च्या पुसल्या, गवत उपटले. ते काम करत होते त्याच दिवशी खरेदीदार कंपनीने माघार घेतल्याची बातमी आली. रात्री लीगने क्लबचे सदस्यत्व रद्द केल्याचे जाहीर केले. १८९४ पासून चालत आलेले १२५ वर्षांचे नाते एका रात्रीत तुटले. झाडूनपुसून स्वच्छ केलेल्या त्या मैदानावर शनिवारी कोणीच खेळले नाही.

बंधू-भगिनींनो, त्या झाडलोटीचा उपयोग काय झाला? हिशेबाने पाहिले तर काहीच नाही. पण आशा आणि अपेक्षा यांतला फरक आम्हांला तिथेच दिसतो.

अपेक्षा हिशेब ठेवते. मी इतके दिले, मला इतके मिळाले पाहिजे; मिळाले नाही तर मी निघालो. आशेचे तसे नसते. संत थॉमस अक्वायनस सांगतात की आशेचा विषय असलेली गोष्ट चांगली असते, भविष्यात असते, मिळण्यास कठीण असते, पण अशक्य नसते. जे सहज मिळते त्यासाठी आशा लागत नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात गाब्रिएल मार्सेल या फ्रेंच कॅथोलिक तत्त्वज्ञाने आशेवर चिंतन केले. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे, की खरी आशा एकट्यासाठी कधीच नसते. ती कोणावर तरी विसंबते आणि ‘आमच्यासाठी’ म्हणून धरली जाते. अपेक्षा ‘मला’ म्हणते, आशा ‘आम्हांला’ म्हणते. पाठीराखा काय म्हणतो ते ऐका. तो स्वतः चेंडूला पायही लावत नाही, तरी ‘आम्ही हरलो’ असेच म्हणतो.

शुभवर्तमानाकडे वळू या. अम्माऊसच्या वाटेवर दोन शिष्य चालले होते. वाटेत भेटलेल्या अनोळखी प्रवाशाला ते काय म्हणाले? इस्राएलची मुक्ती करणारा तोच, अशी आमची आशा होती (लूक २४:२१). ‘होती’! त्या भूतकाळी क्रियापदात किती दुःख आहे! त्यांची मनासारखी अपेक्षा मोडली आणि ते यरुशलेमकडे पाठ फिरवून निघाले. त्याच पहाटे काही स्त्रिया मात्र उलट दिशेने, कबरेकडे निघाल्या होत्या. त्यांना पुनरुत्थानाची अपेक्षा होती काय? मुळीच नाही. त्या मृत देहाला लावायला सुगंधी द्रव्ये घेऊन चालल्या होत्या. धोंड कोण सरकवणार, याचेही उत्तर त्यांच्यापाशी नव्हते (मार्क १६:३). ज्याच्यावर प्रेम केले त्याची शेवटची सेवा करावी, एवढेच त्यांच्या मनात होते. आणि पुनरुत्थानाची वार्ता प्रथम कोणाला मिळाली? त्यांनाच. अपेक्षा संपल्यावरही ज्यांचे हात कामात होते, त्यांना.

गैरसमज नको. फुटबॉल क्लब म्हणजे ख्रिस्त नव्हे, आणि क्लब पुन्हा सुरू होणे म्हणजे पुनरुत्थान नव्हे. आपली आशा चेंडूवर नाही, मरणावर विजय मिळवलेल्या प्रभूवर आहे. परंतु मानवी आशेच्या लहान आरशात ईश्वरी आशेचे प्रतिबिंब दिसते, एवढेच आमचे म्हणणे आहे.

बेरीच्या कथेतून दुसराही धडा घ्यावा. आशेविरुद्धची पापे दोन. एक निराशा, ती आपण ओळखतो. दुसरे म्हणजे फाजील भरवसा, तो मात्र आपण श्रद्धा समजून चालतो! खेळाडूंचा पगार थकला असताना बढतीचा जल्लोष झाला, तेव्हा फार थोड्यांनी हिशेबाची वही मागितली. आपणही कर्ज काढून लग्नात मांडव सजवतो आणि ‘देव बघून घेईल’ म्हणतो. देव बघतो हे खरे. पण देवाने आपल्यालाही डोळे दिले आहेत. आशा म्हणजे डोळे मिटणे नव्हे. बेरीच्या पाठीराख्यांनी पुढे प्रश्न विचारले, दाद मागितली. २०२५ साली ब्रिटिश संसदेने इंग्लंडमधील क्लबांच्या कारभारावर देखरेख ठेवणारा स्वतंत्र नियामक नेमण्याचा कायदा केला. त्यामागे ज्या घटना होत्या, त्यांत बेरीची हकालपट्टी ठळक होती.

तिसरी गोष्ट सर्वांत अवघड. क्लब गेल्यावर पाठीराख्यांत फूट पडली. काहींनी नवा क्लब काढून तो शेजारच्या रॅडक्लिफ गावाच्या मैदानावर अगदी खालच्या श्रेणीत खेळवला. काहींना तो परका वाटला. जुने नाव आणि जुने मैदान सोडणार नाही, असे ते म्हणाले. २०२२ च्या सुरुवातीला या दुसऱ्या गटाने सरकारी मदतीच्या आधारे गिग लेन विकत घेतले. आता एकाकडे संघ होता, दुसऱ्याकडे मैदान! त्याच वर्षी एकीकरणासाठी मतदान झाले, पण आवश्यक तेवढी मते पडली नाहीत. रागावून सगळे सोडून देता आले असते. त्यांनी तसे केले नाही. २०२३ मध्ये पुन्हा मतदान झाले, दोन्ही बाजूंनी होकार आला, आणि त्या उन्हाळ्यात गिग लेनवर पुन्हा फुटबॉल सुरू झाले. श्रेणी कोणती? नववी! पूर्वीच्या जागेहून सहा पायऱ्या खाली. तरीही हजारो लोक आले. २०२५ च्या वसंतात बेरीने बढती मिळवून एक पायरी चढली. केवळ एक, आणि तीही आठवीची. पण ज्यांनी त्या मंगळवारी झाडू मारला होता, त्यांना ती एक पायरी केवढी वाटली असेल!

प्रिय धर्मग्रामस्थहो, आता आपल्या घरात डोकावू या. दारूच्या व्यसनात बुडालेला एखादा मुलगा तीनदा उपचार घेऊन तीनदा घसरला आहे. त्याच्यासाठी रोज एक जास्तीचे ताट वाढणारी आई आपल्यात आहे. शेजारीपाजारी तिला म्हणतात, ‘आता सोड त्याचा नाद.’ ती अपेक्षा ठेवून थकली आहे, पण तिने ताट वाढणे थांबवलेले नाही. आम्ही तिला भोळी म्हणणार नाही. मात्र तिने त्याच्या हाती पैसे देऊ नयेत, हेही सांगू. कारण तो फाजील भरवसा होईल. ताट वाढावे आणि पाकीट बंद ठेवावे. आणि हे ओझे तिने एकटीने वाहावे असे नाही, कारण आशा ‘आमच्यासाठी’ असते. आपल्या लहान ख्रिस्ती समूहातून दोघे-चौघे तिच्या घरी जाऊन बसतील काय?

धर्मग्रामाविषयीही आपल्या अपेक्षा असतात. प्रवचन छोटे हवे, गायनवृंद गोड हवा, सणाची रोषणाई शेजारच्या चर्चपेक्षा सरस हवी. मनासारखे झाले नाही, की आपण मोठ्या क्लबच्या पाठीराख्याप्रमाणे प्रशिक्षक बदलायला निघतो! भांडणे होतात, मग जुन्या वादावरून दोन कुटुंबे एका बाकावर बसत नाहीत. एकाकडे संघ, दुसऱ्याकडे मैदान. खेळ मात्र बंद. पहिल्या मतदानात जमले नाही म्हणून दुसरे घ्यायचेच नाही, असे प्रभूने कोठे सांगितले आहे? त्याने पेत्राला सत्तर वेळा सात सांगितले.

म्हणून या आठवड्यात प्रत्येकाने स्वतःला एकच प्रश्न विचारावा. कोणाविषयी बोलताना आपण ‘आशा होती’ असे म्हणू लागलो आहोत? मुलगा, सून, भाऊ, शेजारी, की आपण स्वतः? त्या माणसाचे नाव मनाशी घ्यावे आणि त्याच्यासाठी एक लहानसे काम हातांनी करावे. एक फोन, एक भेट, एक पेज-भाताचे भांडे. फळ दिसेल की नाही, ते देवावर सोपवावे.

हे प्रभू येशू, अम्माऊसच्या वाटेवर तू निराश शिष्यांच्या सोबतीने चाललास. आमच्या घरांतील मोडलेल्या अपेक्षा तुला ठाऊक आहेत. आम्हांला डोळस आशा दे, कामाला लागलेले हात दे, आणि ‘मी’ सोडून ‘आम्ही’ म्हणणारे मन दे. पहाटे कबरेकडे निघालेल्या त्या स्त्रियांसारखे आम्हांलाही तुझ्याकडे चालत ठेव. आमेन.