आधी हिशेब, मग टॉर्च

उभा राहा. तो टॉर्च बाकावर ठेव आणि पाकिटावर काय छापलंय ते मागच्या रांगेपर्यंत ऐकू जाईल असं वाच. ‘५०,००० लुमेन’. आणि सेलवर? ‘९,९०० एमएएच’. लोहार चाळीच्या बाजारात स्वस्तात मिळाला म्हणून मघापासून मिरवतो आहेस. तुझे पैसे गेले याचा मला राग नाही. विज्ञानाच्या तासाला बसूनही तुला या आकड्यांची शंका आली नाही, याचा आहे.

फळ्याकडे बघ. पांढऱ्या एलईडीला १०० लुमेन उजेडासाठी साधारण १ वॅट लागतो. म्हणजे ५०,००० लुमेनला ५०० वॅट. घरच्या इस्त्रीच्या निम्मे. तेवढे या नळीत खेळले असते तर तुझा तळहात भाजून निघाला असता. आता सेल. १८ मिलिमीटर जाड, ६५ मिलिमीटर लांब, म्हणून त्याला १८६५० म्हणतात. या मापाच्या उत्तम सेलमध्येही ३,५०० एमएएचच्या आसपासच मावतात, म्हणजे साडेतीन अँपिअर-तास. त्याला ३.६ व्होल्टने गुण: साडेबारा वॅट-तास. ५०० वॅटने भाग: दीड मिनिट. दीड मिनिटाच्या उजेडात तू कुठवर जाणार?

आणि जो सेलवर धडधडीत खोटं छापतो, त्याने आत सुरक्षेची सोय केली असेल असं तू कशावरून धरून चाललास? लिथियमचा सेल शॉर्ट झाला की पेटू शकतो. तू जादा सेल किल्ल्यांसोबत पँटच्या खिशात टाकतोस. आजपासून बंद.

काय घ्यायचं ते आपल्या कामावरून ठरतं. दिवसा तू वायरमनच्या हाताखाली असतोस, रात्री शाळा सुटली की चाळीचा जिना चढतोस. जिन्याला ५-१० लुमेन पुरतात. मीटरबोर्डात बघायला १०० भरपूर झाले. उजेड पसरट हवा. लांब झोत टाकणारा टॉर्च हातभर अंतरावर डोळे दिपवतो आणि कडेची उघडी वायर अंधारातच राहते. टोपीला अडकवता येईल अशी क्लिप हवी, म्हणजे टॉर्च दातांत धरावा लागणार नाही. आपल्याकडच्या पावसासाठी आयपीएक्स७ हवं, म्हणजे मीटरभर पाण्यात अर्धा तास राहिला तरी चालतो. भिंतीवरच्या घड्याळात बसतो तो डबल ए सेल चालणारा घे. निकेल-मेटल हायड्राइडचे चार्जिंगचे सेल वापर, अडल्यावेळी साधा सेल नाक्यावरच्या दुकानात मिळतो. आणि किती तास चालतो ते वाचताना लक्षात ठेव: उजेड सुरुवातीच्या एकदशांशावर येईपर्यंतचा वेळ त्यात धरलेला असतो. आठ तास लिहिले म्हणजे आठ तास सारखाच उजेड, असं नव्हे.

मागून कोण म्हणालं, मोबाइलचा टॉर्च आहे की? १२ ऑक्टोबर २०२० ला सकाळी मुंबईची वीज गेली, लोकल जागच्या जागी थांबल्या. अशा दिवशी मोबाइल घरी कळवायला लागतो. त्याचा दिवा करून बॅटरी संपवलीस तर आईला काय कळवशील?

आता सगळ्यात गंभीर गोष्ट. हा टॉर्च हातात असला की गुडघाभर पाण्यातूनही बिनधास्त जाईन, असं तू जिन्यात बोललास. २९ ऑगस्ट २०१७ च्या पावसात डॉ. दीपक अमरापूरकर इथून जवळच, एल्फिन्स्टनला, उघड्या मॅनहोलमध्ये पडले. दोन दिवसांनी त्यांचा मृतदेह वरळीला मिळाला. नावाजलेले डॉक्टर होते. गढूळ पाण्याखालचा रस्ता कुठल्याही टॉर्चला दिसत नाही, कितीही लुमेन असोत. पाणी साचलं की शाळेतच थांबायचं. मी थांबेन तुमच्याबरोबर.

आपल्या शाळेच्या या डिलाईल रोडला ज्यांचं नाव दिलं, त्या ना. म. जोशींनी १९११ मध्ये सोशल सर्व्हिस लीग काढली. या लीगने गिरणी कामगारांसाठी रात्रशाळा चालवल्या. दिवसभर राबलेल्या माणसाला समोरचा कागद वाचता यावा आणि त्यावरचा हिशेब स्वतः ताडता यावा, एवढ्यासाठी माणसं थकल्या डोळ्यांनी अशा शाळांत बसत आली. त्याच रस्त्यावर, रात्रशाळेत बसून तू छापलेला आकडा न तपासता पैसे मोजून आलास. हे मी चालवून घेणार नाही.

हा सेल टॉर्चमधून काढ. कचऱ्यात टाकू नकोस, माझ्याकडे दे. नवा टॉर्च घेण्याआधी त्याचे वॅट, तास आणि लुमेन या फळ्यावर मांडून दाखवायचे. हिशेब जुळला, तरच विकत घ्यायचा. बस खाली. वही काढ.