पिठाचा कोंबडा आणि पडद्यावरचे रान

ऐतिहासिक व्यूहरचनेचे खेळ, म्हणजे ज्यांत खेळणारा एखाद्या राज्याचा कारभार हाती घेऊन शेती, बांधकाम आणि युद्ध यांचा मेळ घालतो असे संगणकावरील खेळ, मुलांच्या हाती द्यावेत की नाहीत, हा प्रश्न बहुधा पडद्यावर रक्त किती दिसते एवढ्यावरच निकालात काढला जातो. वस्तुतः हिंसा कशाला म्हणावे, हा जुना तात्त्विक प्रश्नच त्याच्या मुळाशी आहे.

जैन विचारात प्रत्यक्ष प्राणघाताला द्रव्यहिंसा आणि मनातील घातक वृत्तीला भावहिंसा म्हटले आहे. सोमदेवसूरींनी इ. स. ९५९ मध्ये पूर्ण केलेल्या ‘यशस्तिलक’ या चंपूत, म्हणजे गद्यपद्यमिश्रित काव्यात, यशोधर राजा आईच्या आग्रहाखातर देवीपुढे जिवंत प्राण्याऐवजी पिठाचा कोंबडा कापतो आणि एकही जीव गेलेला नसताना मायलेकांना अनेक पशुजन्म भोगावे लागतात. या न्यायाने पडद्यावरचा सैनिकही पिठाचा कोंबडाच ठरतो, असे कोणी म्हणेल; परंतु यशोधराच्या कृतीमागे बळी देण्याचा संकल्प होता, तर डाव जिंकू पाहणाऱ्या मुलाच्या मनात, बुद्धिबळातले प्यादे मारताना नसतो तसाच, कोणाचा जीव घेण्याचा संकल्प नसतो.

मात्र उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्राने हिंसेच्या व्याख्येतच प्रमाद, म्हणजे बेसावधपणा, घातला आहे आणि या खेळांची खरी परीक्षा तेथे होते. १९९९ च्या ‘एज ऑफ एम्पायर्स २’ मध्ये गावकरी कुऱ्हाड चालवतो, झाड आडवे होते, तो लाकूड वाहून नेतो आणि पडद्यावरच्या पट्टीतील आकडा वाढतो. तोडलेले झाड पुन्हा उगवत नाही आणि त्या रानावर आधी कोणाचा हक्क होता, हे विचारण्याची सोय खेळात नाही. चंद्रपूर जिल्ह्यातील मूल या तालुक्यातील ज्या घरांत उन्हाळ्यात पहाटे मोहफुले वेचली जातात आणि तेंदूपानांची पुडकी बांधली जातात, तेथील मुलाला रान म्हणजे नुसते लाकूड नव्हे हे न शिकवता कळते. तेच मूल पडद्यावर ते रान आकड्यात मोजू लागते, तेव्हा प्रमाद नकळत अंगवळणी पडतो. गडचिरोलीतील मेंढा (लेखा) या गावाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला आणि तेथील ग्रामसभा सर्वसहमतीने निर्णय घेते. खेळात अशी सभा नाही, वरून पाहणारा एकच डोळा आहे.

इतिहासाचेही तसेच होते. ‘एज ऑफ एम्पायर्स ३’ च्या २००७ मधील ‘एशियन डायनॅस्टीज’ या पुरवणी खेळातील भारतीय मोहीम १८५७ च्या उठावावर रचली असून तिचा नायक काल्पनिक आहे. त्याच उठावात लढलेल्या आणि २१ ऑक्टोबर १८५८ रोजी चांद्याच्या, म्हणजे आजच्या चंद्रपूरच्या, तुरुंगात फाशी गेलेल्या बाबूराव शेडमाके यांचे नाव मुलाला तेथे भेटत नाही.

तरीही हे खेळ निषिद्ध मानण्याचे कारण नाही, कारण धान्याशिवाय सैन्य उभे राहत नाही, हा राज्यशास्त्राचा धडा मूल त्यांतून स्वतः करून पाहते. पण ज्या वयात मूल ‘हे रान कोणाचे होते?’ असे विचारू शकते आणि उत्तर द्यायला घरचे वडीलधारे शेजारी बसतात, त्या वयातच ते हाती द्यावेत. १६ ऑक्टोबर १९५६ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी चांद्याला ज्या धम्माची दीक्षा दिली, त्याच्या शास्त्याचा, म्हणजे बुद्धांचा, अखेरचा उपदेश अप्रमादाचाच, म्हणजे सावध राहण्याचा होता. झाड तोडण्यापूर्वी मुलाचा हात क्षणभर थबकला, तर तो खेळ त्याच्यासाठी योग्य झाला, असे म्हणता येईल.