खोगीर आणि कलम बारा

आमच्या घराण्यात घोडा कोणीही बाळगलेला नाही. आजोबा पोस्टात होते, वडील कचेरीत आणि मी बँकेत. तिन्ही पिढ्यांचा संबंध आला तो शाई, शिक्का आणि टाचणी यांच्याशी. घोडं आमच्याकडे फक्त अडतं, आणि तेही कोणाच्या तरी लग्नाच्या याद्या करताना. अशा घराच्या दारात, डोंबिवलीत, तिसऱ्या मजल्यावर, गेल्या श्रावणात एका मंगळवारी कुरियरवाल्याने एक भलंमोठं खोकं आणून टेकवलं. त्यातून निघालं खोगीर. अस्सल चामड्याचं, तपकिरी रंगाचं, कानपूरहून आलेलं. कानपूरची खोगिरं नावाजलेली असतात, हेही मला त्या दिवशीच कळलं.

"अहो, हे काय आहे?" सौ.ने विचारलं.

"खोगीर."

"ते दिसतंय. कोणासाठी?"

मी घरातल्या मंडळींकडे एकवार पाहिलं. दहावीतल्या चिरंजीवांनी दोन पावलं मागे घेतली.

खोकं चुकून आलं असणार, याबद्दल मला शंका नव्हती. पण वर नाव माझं, पत्ता माझा, 'लिफ्टच्या समोरचा दरवाजा' ही खूणसुद्धा माझ्याच भाषेतली. मोबाइल उघडून पाहिला. गेल्या गुरुवारी रात्री दोन वाजून सतरा मिनिटांनी मी ही वस्तू मागवली होती. कार्डाचा नंबर बरोबर, ओटीपीचे सहाच्या सहा आकडे बरोबर. दिवसाढवळ्या, चष्मा लावून, मी एवढे आकडे एका दमात कधी बरोबर टाकलेले नाहीत. आणि मला त्यातलं काहीही आठवत नव्हतं. अगदी काहीही.

मग उलगडा झाला. त्या आठवड्यात शाखेत ऑडिट चालू होतं आणि माझी झोप उडाली होती. डॉक्टरांनी झोपेची गोळी लिहून दिली, झोल्पिडेम नावाची. नावातच झोल आहे, हे तेव्हा लक्षात आलं नाही. ही गोळी घेऊन काही माणसं झोपेतच उठतात, चालतात, स्वयंपाक करतात, गाडीसुद्धा चालवतात, आणि सकाळी त्यांना त्याची गंधवार्ता नसते. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१९ साली या जातीच्या गोळ्यांवर चौकटीत ठळक इशारा छापायला लावला, तो याचसाठी. गाडी चालवणाऱ्यांच्या मानाने मी सज्जन म्हणायचा. मी नुसतं खोगीर घेतलं, घोडा चालवला नाही.

मी हे सगळं सौ.ला समजावून सांगितलं. तिने ऐकून घेतलं, मोबाइल हातात घेतला, बिल खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाली, "कूपन लावलंयत."

"काय?"

"तीनशे रुपयांचं कूपन लावलंयत. बेशुद्ध माणूस कूपन लावतो का हो?"

वादाचं खरं मूळ इथे आहे.

मी कॉमर्सचा पदवीधर आहे. कॉमर्सच्या पदवीधराला कायदा येतो असं नाही, पण कलमांचे नंबर पाठ असतात. आमचे बिझनेस लॉचे सर भारतीय करार कायदा, १८७२ शिकवताना कलम बारापाशी खुलत असत. करार करणारा माणूस शहाण्या मनाचा हवा, म्हणजे करार करताना तो करार त्याला समजायला हवा आणि त्याने आपल्या हिताचं काय होईल याचा विचार करून निर्णय घेता यायला हवा. खाली दाखला दिला आहे : एरवी शहाणासुरता असलेला माणूस तापात बरळत असेल, किंवा इतका प्यालेला असेल की अटी समजत नाहीत आणि हिताहित उमगत नाही, तर तो अंमल असेपर्यंत त्याला करार करता येत नाही.

मी मनात म्हटलं, सुटलो. कलमात गोळीचा उल्लेख नाही. पण ताप आणि दारू आहेत म्हटल्यावर गोळी काही लांब नाही. करारच झाला नाही, तर खोगीर माझं नाही.

पण कलमं पाठ असली की एक सांगितल्यावर दुसरं आपोआप आठवतं. अमुक वेळी मी शुद्धीत नव्हतो असं जो म्हणतो, ते सिद्ध त्यानेच करायचं. माझा साक्षीदार कोण? रात्री दोन वाजता हॉलमध्ये मी आणि फ्रिज. शिवाय कूपन! हिताहिताचा विचार केल्याचा याहून सज्जड पुरावा कोणता? पूर्वी बरं होतं. दुकानदार समोर असे. गिऱ्हाइकाचे डोळे, चाल, जिभेचा पीळ बघून तो म्हणे, "काका, उद्या या." दुकानदाराने असं म्हटल्याचं मी कधी ऐकलेलं नाही ही गोष्ट वेगळी, पण म्हणण्याची सोय तरी होती. आता समोर काचेचा तुकडा. आपण त्याच्याकडे बघतो, तो आपल्याकडे बघत नाही.

इंग्लंडात १८७३ साली एक खटला झाला होता, मॅथ्यूज विरुद्ध बॅक्स्टर. या गृहस्थाने लिलावात प्यालेल्या अवस्थेत घरं आणि जमीन घेण्याचं कबूल केलं. शुद्धीवर आल्यावरही 'हो, घेतली' म्हणाला. पुढे मात्र पलटला. कोर्ट म्हणालं, प्यालेला असताना केलेला करार तुला मोडता आला असता, पण शुद्धीत आल्यावर तू तो उचलून धरलास, आता भर पैसे. हे आठवेपर्यंत मी सोफ्याच्या हातावर खोगीर टाकून त्याच्यावर बसलो होतो आणि सौ.ने फोटो काढला होता. इंग्लंडात असतो तर मेलोच होतो. आपल्याकडे मुळात नसलेल्या कराराला मागाहून जीव देता येत नाही, एवढाच काय तो दिलासा.

आणि तो नसलाच, तरी खोगीर फुकट ठेवून घेता येत नाही. कलम पासष्ट म्हणतं, मिळालेला लाभ परत करा. उलट मी झोपेत तांदूळ नि तूरडाळ मागवली असती, तर कलम अडुसष्टाप्रमाणे त्याची किंमत माझ्या मालमत्तेतून वसूल झाली असती, कारण माणसाच्या परिस्थितीला साजेशी गरजेची वस्तू शुद्ध हरपलेल्यालाही फुकट मिळत नाही. लोकलला लोंबकळून जाणाऱ्या कारकुनाला खोगीर साजेसं आहे, असं कुठलंही कोर्ट म्हणेल असं वाटत नाही.

"पण खोगीरच का?" हा प्रश्न चिरंजीवांनी विचारला. मोठी माणसं असले प्रश्न विचारत नाहीत.

खरं सांगायचं तर उत्तर मला माहीत होतं. मी नऊ वर्षांचा असताना आम्ही माथेरानला गेलो होतो. दस्तुरी नाक्यावर ओळीने घोडे उभे. वडिलांनी भाव विचारला, मनातल्या मनात गुणाकार केला आणि म्हणाले, "देवाने पाय कशाला दिलेत?" मग आम्ही सगळे देवाने दिलेल्या पायांनी बाजारापर्यंत गेलो. शेजारून घोडे जात होते आणि त्यांच्यावर इतरांची मुलं होती. मी तो घोडा विसरलो अशी माझी समजूत होती. गोळीने ती समजूत खोटी ठरवली.

मग मोठा पेच पडला. गोळी काही बाहेरून खोगीर घेऊन आली नव्हती. ते आतच होतं. रात्री दोन वाजता जो माणूस बटणं दाबत होता, तो मीच होतो, कदाचित दिवसापेक्षा जरा जास्तच. मग जबाबदारी झटकायची कशी? दोन दिवस मी या विचारात होतो. शेवटी कलमानेच वाट दाखवली. कलम इच्छेबद्दल काही विचारत नाही, निर्णयाबद्दल विचारतं. इच्छा माझी होती, निर्णय नव्हता. माझा निर्णय घेणारा विभाग रात्री साडेदहाला बंद होतो, आणि गुणाकार तिथेच होतो.

पण हा सगळा युक्तिवाद करताना मी एक गोष्ट सौ.पासून दडवली होती. डॉक्टरांनी अर्धी गोळी सांगितली होती आणि बजावलं होतं, "घेतली की सरळ अंथरुणात." मी पूर्ण घेतली, अर्धी मोडली तर उरलेली अर्धी हरवते, हा माझा अनुभव. आणि घेऊन अंथरुणात न जाता सोफ्यावर मोबाइल घेऊन बसलो. म्हणजे दोन सतराला मी शुद्धीत नसेन, पण साडेअकराला पूर्ण शुद्धीत होतो. कलम बारा खोलात जात नाही. तापाने बरळणारा आणि पिऊन झिंगलेला यांना त्याने एकाच बाकावर बसवलंय; ग्लास कोणी भरला, हे ते विचारत नाही. फौजदारी कायदा मात्र विचारतो : नशा तू आपखुशीने केलीस की तुला नकळत झाली? मी बसलो होतो तापकऱ्याच्या जागेवर, आणि माझी खरी जागा शेजारची होती.

हे उमजलं त्या रात्री गोळी घेतलेली नसूनही मला एक बाई दिसली.

दोन वर्षांपूर्वी एक आजी माझ्या काउंटरला आल्या होत्या. यजमान निवृत्त शिक्षक, आमचेच पेन्शनर, कंपवाताचे रोगी. आजींनी पासबुक पुढे केलं. पाच महिन्यांत एकवीस मनगटी घड्याळं, सगळी मोबाइलवरून घेतलेली. "ते असे नव्हते हो," आजी म्हणाल्या. "आयुष्यात त्यांनी एकच घड्याळ वापरलं, तेही माझ्या वडिलांनी दिलेलं. नव्या गोळ्या सुरू झाल्यापासून हे सुरू झालंय."

मी विचारलं, "ओटीपी त्यांनीच टाकला ना?"

"हो, पण..."

"मग बँक काही करू शकत नाही, आजी."

नियमाने मी चुकलो नव्हतो. रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या परिपत्रकात ग्राहकाच्या नकळत दुसऱ्याने केलेल्या व्यवहाराची सोय होती. ग्राहकाने स्वतः ओटीपी टाकून केलेल्या व्यवहाराला तिथे जागा नव्हती. पण कलम बारा मला तेव्हाही पाठ होतं, आणि ते माझ्या ओठांवर आलं नाही. आलं ते बरोबर दोन वर्षांनी, स्वतःच्या पावणेनऊ हजारांसाठी. आणि गुरुजींनी तर गोळी सांगितली तेवढीच, सांगितली तेव्हाच घेतली होती. कंपवाताच्या काही गोळ्यांनी काही रोग्यांना खरेदीची किंवा जुगाराची अनावर ओढ लागते, ही गोष्ट वैद्यकात चांगली माहीत आहे. डॉक्टरांच्या कानावर घातलं तर ते मात्रा कमी करतात किंवा औषध बदलतात, आणि बहुधा ती ओढ ओसरते. मला हे खोगिराच्या निमित्ताने केलेल्या वाचनात कळलं. त्या दिवशी कळलेलं नव्हतं हे खरं. पण "डॉक्टरांना सांगितलंत का?" हे विचारायला वाचन लागत नव्हतं. आजींच्या मागे रांग होती. मी पुढचं टोकन पुकारलं.

खोगिराचं पुढे काय झालं ते थोडक्यात सांगतो. युरोपात ऑनलाइन घेतलेल्या बहुतेक वस्तू चौदा दिवसांत, कारण न देता, परत करण्याचा हक्क कायद्यानेच आहे. आपल्याकडे २०२० च्या ई-कॉमर्सच्या नियमांनी सदोष किंवा भलतीच वस्तू आली तर विक्रेत्याला ती परत घ्यावीच लागते. वस्तू चांगली आणि गिऱ्हाईक सदोष असेल तर सगळं विक्रेत्याच्या मर्जीवर. मी कलम बाराचा हवाला देऊन सविस्तर पत्र पाठवलं. उत्तर आलं : 'आपल्या अभिप्रायाबद्दल आभार. आमच्या सेवेला किती तारे द्याल?' शेवटी परतीच्या कारणांची यादी उघडली. 'वस्तू खराब निघाली', 'रंग आवडला नाही', 'विचार बदलला'. विचार बदलला म्हणावं, तर आधी विचार होता असं कबूल करणं आलं. मी 'माप बसलं नाही' यावर टिचकी मारली. घोडाच नसल्यामुळे ते शब्दशः खोटं नव्हतं. पैसे परत आले, वाहतूक खर्च कापून.

नोव्हेंबरात पेन्शनर मंडळी हयातीचा दाखला द्यायला येतात. आजी आणि गुरुजी आले. मी खिडकीबाहेर येऊन त्यांना बाकावर बसवलं, चहा मागवला आणि गोळ्यांचं विचारलं. आजी म्हणाल्या, "मुलाच्या ओळखीच्या एका डॉक्टरांनी बदलल्या, झालं वर्ष. तेव्हापासून घड्याळ नाही." किती परत गेली? "सहा." बाकीची? "वाटली. आमच्या गल्लीत आता सगळे वेळेवर असतात."

मला काहीतरी बोलायलाच हवं होतं. त्या दिवशी मी जरा नीट विचारायला हवं होतं, असं म्हणालो. आजींनी "असू दे" म्हटलं नाही. त्या कपात बघत राहिल्या. मग मी त्यांना खोगिराची हकीकत सांगितली, अर्धी न् पुरी गोळी यासकट. एवढं सौ.लाही सांगितलेलं नाही. तिला ते इथेच कळेल.

गुरुजींचा हात थरथरत होता, पण डोळे लखलखीत होते.

"कितीला पडलं खोगीर?"

"पावणेनऊ हजार. कूपन लावून."

गुरुजींनी बशी खाली ठेवली, माझ्याकडे वळले आणि आवाज उतरवून म्हणाले, "कूपन मीसुद्धा लावायचो हो. प्रत्येक वेळी."