शिलोहाचा बुरूज



वाईट कोठून येते, हा प्रश्न विद्वानांस पुरातन काळापासून पडला आहे. संत ऑगस्टीन (इ. स. 354–430) यांच्या मते वाईट ही स्वतंत्र वस्तु नव्हे; तो चांगल्याचा अभाव होय. जर्मन तत्त्ववेत्ता कांट याने 1793 साली त्याचे मूळ मनुष्याच्या इच्छेत दाखविले.

आता आपल्या शिवाराकडे पाहू. शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळे सरकारने सन 2006 मध्ये विदर्भातील ज्या सहा जिल्ह्यांस विशेष साहाय्य जाहीर केले, त्यांत आपला वाशीम होता. पाऊस चुकतो, कापसाचा भाव पडतो, कर्ज चढते; हा अभाव खराच. परंतु मृताच्या विधवेच्या दारी न जाता, "त्याचेच पाप त्याला भोवले," असे आम्ही पारावर बसून म्हणतो, तेव्हा तो केवळ अभाव नव्हे. ती आमची इच्छा होय.

शिलोहाचा बुरूज पडून जे अठरा जण मेले, ते इतरांहून अधिक पापी नव्हते, असे सांगून प्रभूने ऐकणाऱ्यांसच पश्चात्तापास बोलाविले (लूक 13). तर वाईटाचे मूळ विद्वान शोधोत. आम्ही याच आठवड्यात त्या दारी जाऊ, आणि रिकाम्या हाताने न जाता पायलीभर ज्वारी नेऊ. आमेन.