निरपराध्यास क्षमा

ज्यानें अपराधच केला नाहीं त्यास सरकार क्षमा देऊं लागलें, तर त्यानें ती घ्यावी काय? तर्काचें उत्तर सोपें आहे. क्षमेस आधीं अपराध लागतो. तेव्हां ती घेणें म्हणजे खोट्या आरोपाखालीं आपल्याच हातानें सही करणें होय. १८९९ च्या सप्टेंबरांत हा प्रश्न फ्रेंच तोफखान्यांतील कॅप्टन आल्फ्रेड ड्रेफ्यूस याजपुढें आला, आणि त्यानें क्षमा घेतली.

त्याची हकीकत वाचकांस थोडीबहुत ठाऊक असेलच. १८९४ सालीं पॅरिसच्या जर्मन वकिलातींतून हातीं लागलेल्या एका कागदांत १२० मिलिमीटरच्या तोफेचा उल्लेख होता. तेवढ्यावरून द्रोही इसम तोफखान्यांतला असावा असा तर्क निघाला. अक्षर जुळल्यासारखें वाटलें, संशयित ज्यू निघाला, आणि मग पुराव्याची उणीव फारशी कोणास बोंचली नाहीं. बचावपक्षास न दाखविलेल्या कागदांच्या बळावर त्यास जन्मठेप झाली. ५ जानेवारी १८९५ रोजीं भर पटांगणांत त्याची तलवार मोडली, तेव्हां तो आपण निर्दोष असल्याचें ओरडून सांगत होता.

पुढें सैतानाचें बेट. पहारेकऱ्यांस त्याच्याशीं बोलण्याची मनाई होती. १८९६ त त्याच्या पलायनाची खोटी आवई उठतांच त्याचे पाय रात्रभर बिछान्यास जखडून ठेवूं लागले, आणि समुद्रही दिसूं नये असें उंच कुंपण झोंपडीभोंवतीं उभारलें. इकडे त्याच्या दोन मुलांना बाप प्रवासास गेला आहे असें सांगून ठेवलें होतें. तें अक्षर एस्टरहाझी नांवाच्या अधिकाऱ्याचें आहे हें पिकार या लष्करी अधिकाऱ्यानें त्याच वर्षीं ओळखलें. तरी रेन येथील फेरचौकशींत, ९ सप्टेंबर १८९९ रोजीं, पांच विरुद्ध दोन मतांनीं ड्रेफ्यूस पुन्हा दोषी ठरला. शिक्षा मात्र ‘सौम्य करणाऱ्या परिस्थिती’मुळें दहा वर्षांची! देशद्रोह सौम्य करणारी परिस्थिति कोणती, तें आम्हांस तरी सुचत नाहीं.

दहा दिवसांनीं राष्ट्राध्यक्ष लूबे यांनीं क्षमा दिली. तीसाठीं अपील मागें घ्यावें लागलें. क्लेमान्सोसारख्या त्याच्या कैवाऱ्यांस हें रुचलें नाहीं. त्यांच्या तत्त्वनिष्ठेविषयीं आम्हांस आदर आहे. परंतु तापानें खंगलेल्या मनुष्यानें आपल्या तत्त्वासाठीं तुरुंगांत मरावें अशी अपेक्षा घरीं निजणाऱ्यानें करणें, यांत एक प्रकारचें क्रौर्य आहे असें आम्हांस वाटतें. हौतात्म्य ज्याचें त्यानें पत्करावयाचें असतें; दुसऱ्यानें तें नेमून द्यावयाचें नसतें.

शिवाय क्षमेचा अर्थ देणाराच ठरवितो असें नाहीं. अब्रूवांचून स्वातंत्र्य आपणांस कांहींच नव्हे, असें ड्रेफ्यूसनें सुटतांच जाहीर केलें. १९०० सालीं सर्वच संबंधितांस माफी देणारा कायदा आला, तेव्हां खऱ्या अपराध्यांस तो पाठीशीं घालील म्हणून त्यानें विरोध केला. १२ जुलै १९०६ रोजीं वरिष्ठ न्यायालयानें रेनचा निकाल रद्द केला. आमचा पक्ष यामुळें सिद्ध झाला असें मात्र आम्ही म्हणत नाहीं. हा निकाल लागला नसता, तर ती क्षमाच त्याच्या नांवावर राहिली असती, हें कबूल केलें पाहिजे.

सैन्यांत परत घेतांना पिकारास ब्रिगेडियर जनरल केलें, आणि त्याच वर्षीं तो युद्धमंत्री झाला. ड्रेफ्यूसचीं बेटावरचीं वर्षें मात्र बढतीसाठीं नोकरींत धरलीं गेलीं नाहींत. १९०७ त मेजर असतांनाच तो निवृत्त झाला. १९१४ त युद्ध पेटलें, तेव्हां चौपन्न वर्षांचा हा गृहस्थ पुन्हा तोफखान्यांत रुजू झाला.